दूरच्या चोराचा वर्ग

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही संस्थेची आहे. मोठ्या बाईंनी क्षेत्रनोंदी लिहायला दिली. पुढून क्षेत्रनोंदी आणि मागून माझं स्वतःचं, असं मी ठरवलंय. मधे कुठेतरी दोन्ही समोरासमोर आल्या की बघू.

तर, नोकरी लागली. दोन वर्षांतली आठवी. याआधी रोपवाटिका, बेकरी, होडीची तिकिटं, एका गृहस्थाच्या आजारी पोपटाची देखभाल (ती नोकरी पोपट बरा झाल्यामुळे गेली) वगैरे. आता वस्तीतल्या बायकांना मोबाइल सुरक्षितता शिकवायची. मोठ्या बाईंनी विचारलं, "काही अनुभव?" म्हटलं, "मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चार महिने." तिथे मी फक्त काचेवर काच चिकटवायचे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही, हा तर सुरक्षिततेचा पहिलाच धडा.

राहायला ताईकडे. सख्खी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. दवाखान्यांच्या आणि लॉजांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री आहे, तिथे ताई डाग काढते. रक्त, आयोडीन, शाई, चहा. डाग बघून माणूस कुठल्या खाटेवर होता तेसुद्धा सांगेल. माझा पहिला वर्ग तिथेच, जेवणाच्या सुटीत. अकरा बायका, अकरा फोन.

ताईचं सध्या एकच चाललंय. पलीकडच्या मोठ्या रुग्णालयाची स्वतःची लाँड्री निघतेय. तिथे डाग विभागाला प्रमुख हवी आहे आणि राहायला क्वार्टर मिळणार. ताईने अर्ज केलाय. प्रात्यक्षिकाची तारीख मेसेजवर कळवणार आहेत. भांडी घासतानासुद्धा फोन नजरेसमोर ठेवते. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे डाग काढतेय, पण इतकं काही हवं असलेली ती मला पहिल्यांदाच दिसली.

दाजींचाही पूर्ण पाठिंबा आहे. दाजींचं बाजाराच्या तोंडाशी सलून आहे आणि माणूस म्हणजे दिलखुलास. रात्री जेवताना म्हणाले, "मिळू दे की! माझी बायको साहेब झाली तर मी काय नाही म्हणतोय का? फक्त तिकडे राहायला जावंच लागतं का, एवढं विचारून घे." दोनदा विचारलं त्यांनी हे. काळजी आहे बिचाऱ्यांना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला वर्ग. वाफ इतकी की मला आधी बायका दिसेचनात, नुसते आवाज.

मी दूरच्या चोरापासून सुरुवात केली. मोठ्या बाईंनी दिलेल्या कागदात तसंच आहे. "कुठेतरी लांब, गार खोलीत तो बसलेला असतो. तुम्हाला ओळखत नाही. पण तुमच्या फोनवर त्याचा डोळा आहे."

रोलरवाल्या काकू म्हणाल्या, "आणि जवळ बसलेला?"

या काकू सगळ्यांत जुन्या. चादर गरम रोलरखाली सरकवता सरकवता बोलतात आणि दोन्ही कामं सारख्याच वेगाने होतात.

म्हटलं, "जवळ कोण बसणार, काकू?"

"नाही, म्हणजे उशीला उशी लावून बसलेला."

सगळ्या हसल्या. मलाही बरं वाटलं, वर्गात हशा पिकला म्हणजे शिकवणं रंगतंय.

मग घडीवालीने विचारलं, "माणूस झोपेत असताना त्याचं बोट दुसऱ्याने लावलं तर फोन उघडतो का?" ही घडीच्या टेबलावर काम करते, लग्नाला वर्ष झालंय. मी म्हटलं, "दूरचा चोर तुमच्या घरी येऊन तुमचं बोट कशाला उचलेल?" पुन्हा हशा. या बायकांना विषयाचं गांभीर्य नाही. क्षेत्रनोंदीत "उत्साही सहभाग" लिहिलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बोटांचे ठसे घेऊन लॉक लावायचं होतं. घेतलेच नाहीत! म्हणजे आम्ही लावतोय बोट, फोन म्हणतोय पुन्हा लावा. पुसून लावा. दुसरं लावा. मला वाटलं फोन बिघडला. मग दुसरा फोन. मग तिसरा.

शेवटी काकूंनी तळहात माझ्या नाकासमोर धरला. "बघ. रेषा आहेत का?"

नव्हत्या. बोटांची टोकं गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी. सोडा आणि ब्लीच, वीस वर्षं. मी एकेकीचे हात बघितले. अकरा जणींची मिळून दोन बोटं धड निघाली, तीही मालकांचा हिशेब लिहिणारीची, जी पाण्यात हात घालत नाही.

मी हातपाय गाळून बसले. तेवढ्यात काकूंनी चप्पल काढली, पाय वर घेतला (साठीच्या बाईला हे जमतं!) आणि डाव्या पायाचा अंगठा फोनला टेकवला. टुंग. फोनने घेतला.

मग काय! दहा मिनिटांत लाँड्रीभर चपला. कोणी एकीच्या खांद्याला धरून उभी, कोणी चादरींच्या गठ्ठ्यावर आडवी. घडीवाली म्हणाली, "हे बरंय. झोपेत माझे हात शोधतील, पाय कोण शोधणार?" ती इतकी खूश का झाली कळलं नाही, पण तंत्रज्ञान पोहोचलं की आनंद होतोच.

फॉर्मवर "कोणते बोट" असा रकाना आहे. प्रामाणिकपणे भरला. मोठ्या बाई काय म्हणतील देव जाणे.

फक्त ताईने लॉक बदललं नाही. म्हणाली, "माझं आहे तेच राहू दे. घरी उगाच प्रश्न." तिचा पिन म्हणजे त्यांच्या लग्नाची तारीख, दाजींनीच ठेवून दिलाय. मला तर हे फार गोड वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

दाजींनी मला चहा करून दिला आणि म्हणाले, "मेहुणीबाई, आम्हालाही शिकव की. चोर आत घुसतो तरी कसा?"

मला कोणी मनापासून विचारलं की मी वाहत जाते. म्हटलं बघाच. ताईचा फोन घेतला, पिन दाजींनीच घातला. दाजींच्या फोनवर एक चौकोनी नक्षी उघडली, ताईच्या फोनने त्या नक्षीचा फोटो काढला आणि झालं! ताईचे सगळे मेसेज दाजींच्या फोनवरही दिसायला लागले. पुसता येतात, उत्तरं देता येतात. "आणि तिला पत्ताच लागत नाही," मी म्हटलं. "असा घुसतो चोर."

"दोन मिनिटांत!" दाजी म्हणाले. "काय डोकं आहे ग तुला."

हे बंद कसं करायचं तेही दाखवणार होते, पण गल्लीत आरडाओरडा झाला. पाण्याची टाकी नेणारा ट्रक दोन घरांच्या मधे अडकला होता आणि टाकीच्या आत एक माणूस होता! टाकी हलू नये म्हणून आत बसला म्हणे. बाहेरून सगळे त्याला सूचना देत होते आणि तो आतून "काय? काय?" करत होता. आवाज असा घुमत होता की जणू तोच देव आणि आम्ही भक्त. दीड तास गेला. फार मजा आली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा धडा तोच, जो दाजींना दाखवला होता. या वेळी बंद करण्यासकट. "आपला फोन कुठे कुठे जोडलेला आहे, त्याची यादी असते. ती बघायची. ओळखीचं नसेल ते काढून टाकायचं."

सगळ्यांनी यादी उघडली. बहुतेकींची रिकामी. ताई मात्र बराच वेळ बघत बसली. मी विचारलं, "आहे का काही?" म्हणाली, "काही नाही," आणि फोन उपडा ठेवला. चार्जिंग संपलं असावं. त्यानंतर तिने आयोडीनचा एक डाग असा घासला की चादर फाटली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, असं काकू म्हणाल्या.

काकूंनी वर्ग संपल्यावर मला विचारलं, "पोरी, तुझा तो दूरचा चोर किती लांब राहतो म्हणालीस?"

"हजारो मैल, काकू."

"असं," त्या म्हणाल्या. "मग घरात चपला कोणाच्या दिसतात?"

काकूंचं काही खरं नाही. वय झालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईला मेसेज आलाच नाही. दुसऱ्या लाँड्रीतल्या एका बाईला आठवड्यापूर्वीच आला. म्हणजे गेला कुठे?

मला एकदम उजेड पडला. हॅकर! माझ्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा खरा चोर भेटतोय म्हणून अंगावर काटा आला. (आनंदाचा म्हणायला लाज वाटते, पण होताच.) ताईला आलेल्या सगळ्या अनोळखी नंबरांची यादी केली. लॉटरीवाला एक, कर्जवाला एक, आणि एक जो रोज सकाळी नुसती फुलं पाठवतो. माझा संशय फुलांवर आहे.

दाजींनी फार मदत केली. प्रत्येक नंबर त्यांनी स्वतः ब्लॉक केला. म्हणाले, "जाऊ दे ग, नशिबात नसेल तर काय करणार? इथे काय वाईट आहे? तिथे त्या क्वार्टरच्या खोलीत एकटी..." आणि दाढी करायच्या ब्रशशी खेळत बसले. तो घरी कशाला आणला होता कोण जाणे.

ताई शांत. मला म्हणाली, "शोध बाई चोर. तुझा वेळ बरा जाईल." तिला काही वाटतच नाही की काय? हल्ली फोन बऱ्याचदा घरीच ठेवते आणि कोणाशी बोलायचं तर काकूंच्या फोनवरून बोलते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नंतर कोणी बोलू नका. म्हणजे मीच.

केस आखूड करायचे असं सकाळी मनात आलं, म्हणून दाजींच्या सलूनमध्ये गेले. त्यांनी गळ्याभोवती कापड गुंडाळलं, पाण्याचा फवारा मारला, उजवी बाजू कानापर्यंत कापली. म्हटलं ताई बघून घाबरायला नको, म्हणून कापडाखालून तिला मेसेज टाकला: "केस कापतेय. ओळखलं नाहीस तर मीच आहे."

टुंग.

आरशासमोर, कंगव्यांच्या बरणीला टेकून, दाजींचा फोन उभा होता. त्याच्यावर माझा मेसेज आला. ताईला पाठवलेला. "ओळखलं नाहीस तर मीच आहे."

दाजींनी फोन पटकन उपडा घातला. आरशात आमची नजरानजर झाली. कात्री माझ्या डाव्या कानापाशी.

"आणखी बारीक करू?" दाजींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "असेच राहू देत." आणि अर्धे केस घेऊन, कापडासकट बाहेर पडले. पळतच लाँड्रीत.

टाकीतला माणूस! त्या माणसापायी मी बंद करायचं विसरले. हजारो मैल शोधत होते आणि चोराला दार मीच उघडून दिलं, वर चहा पिऊन.

ताईला सगळं रडत रडत सांगितलं. ती माझ्या डोक्याकडे बघत होती. "डावी बाजू का ठेवलीस?"

"ताई! तुझा मेसेज त्यांनीच पुसला असणार!"

"पुसला. आणि माझ्या नावाने 'येणे जमणार नाही' असं उत्तरही दिलं. बारा तारखेला."

"तुला माहीत होतं?"

"गेल्या गुरुवारी यादी बघितली ना तुझ्या वर्गात. त्यात त्यांचा फोन. मग काकूंच्या फोनवरून रुग्णालयात विचारलं. तिथल्या बाईंना म्हटलं, ते उत्तर माझं नव्हे. त्यांनी दुसरी तारीख दिली. चोवीस, सकाळी दहा."

"मग बंद का नाही केलंस? एक बटण आहे!"

"बंद केलं की त्यांना कळणार, मला कळलंय म्हणून. मग चोवीस तारखेला घरात काहीतरी निघेल. पोटात दुखेल, पाहुणे येतील. मला ती एक सकाळ हवी आहे. बाकी नंतर."

काकू रोलरवरून म्हणाल्या, "आली का मास्तरीणबाईंना अक्कल? तेही अर्धीच भादरून."

मग त्यांनीच माझी डावी बाजू कापली. चादरी कापायच्या कात्रीने.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वर्ग घेतला नाही, कट केला. क्षेत्रनोंदीत "गटचर्चा" लिहिलंय. (दाजींना काल रात्रीच सांगून टाकलं, आरशात केस बघून रडू आलं म्हणून पळाले, आणि त्यांना ते पटलं.)

दार उघडंच आहे तर त्यातून आपल्याला हवं ते आत सोडायचं, ही कल्पना माझी. ताईने काकूंना मेसेज पाठवायचे, काकूंनी उत्तर द्यायचं, आणि दाजींनी सलूनमध्ये बसून वाचायचे. म्हणजे चोवीसला सकाळी दाजी रुग्णालयाच्या उलट्या टोकाला उभे पाहिजेत. उलट्या टोकाला बस स्टँड आहे.

मजकूर मी लिहिला. पहिल्या खर्ड्यात काळा चष्मा आणि परवलीचा शब्द होता, तो काकूंनी काढायला लावला. "बाई बसने चाललीय, बँक लुटायला नाही." निळी पिशवी मात्र मी सोडली नाही. शेवटी असं ठरलं:

"काकू, सोमवारी दहाची गाडी. सात नंबरच्या फलाटावर. कपडे निळ्या पिशवीत भरलेत, तुमच्याकडे ठेवते. घरी कोणाला बोलू नका."

काकूंनी उत्तर दिलं: "नीट जा. पोचलीस की कळव."

मला तर फारच झकास वाटलं. घडीवालीने वाचलं आणि म्हणाली, "हे जरा जास्त नाही का होत?" ताईनेही पाठवण्याआधी दोनदा वाचलं. मग पाठवलं.

संध्याकाळी दाजी जेवले नाहीत. म्हणाले, भूक नाही. ताईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. मी आतल्या खोलीत उशी तोंडावर धरून हसून घेतलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी ताई रोजच्या वेळी, रोजच्या साडीत, रोजच्या डब्यासह निघाली. दाजी तिच्याकडे असे बघत होते जणू पाठ करून ठेवायचीय. ती दाराशी गेल्यावर म्हणाले, "आज... नेहमीच्या वेळी येशील ना?"

"हो. का?"

"काही नाही."

ती गेल्यावर पाचच मिनिटांत दाजी निघाले. स्टँडच्या दिशेने. सलून बंद.

ताई वाटेत माझ्यासाठी थांबली होती, तिथून आम्ही वळलो. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत मी सोबत होते, आत सोडलं नाही. फाटकाबाहेर एक माणूस फुगे विकत होता, पण आज मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. (एकदाच. त्याच्याकडे डायनासोर होता.)

साडेबाराला ताई बाहेर आली. पाच चादरी, पाच डाग, ओळखायचे आणि काढायचे. चार तिने हुंगूनच सांगितले. पाचवा कोणालाच येत नव्हता. ताई म्हणाली, हा डाग नाही, हे भाजलंय, हा काढायला जाल तर कापड जाईल. परीक्षक बाईंनी मान वर करून बघितलं म्हणे. "मेसेज येईल," एवढंच म्हणाल्या.

दाजींची हकिगत लाँड्रीच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितली. तो स्टँडवरून तीनदा गेला, तिन्ही वेळा दाजी उन्हात. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीत चढायचे, सगळ्या बायका बघायचे, उतरायचे. एकदा कंडक्टरने बाहेर काढलं. एका म्हातारीकडे निळी पिशवी होती, तिने यांना हमाल समजून दोन ट्रंका चढवून घेतल्या. लाँड्रीत सगळ्या जणी गठ्ठ्यांवर पडून हसल्या. ताई हसली नाही. म्हणाली, "प्रत्येक गाडीत?"

पाचला आम्ही घरी आलो. दाजी उंबऱ्यात बसले होते, नाक लाल, बूट पायातच. ताईला येताना पाहिलं आणि उभे राहिले. मग पुन्हा बसले.  विचारणार तरी काय? विचारलं तर कसं कळलं ते सांगावं लागेल!

ऊन फार लागलं असणार, डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईने पाणी दिलं. ते प्यायले. तिने आणखी एक ग्लास दिला.

मला वाटलं होतं या क्षणी फार मजा येईल. तितकीशी आली नाही. का कोण जाणे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पायांच्या अंगठ्यांचा खुलासा द्यायला मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. तासभर गेला. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "उजव्या पायाचाही चालतो का?" तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी.

मुख्य गोष्ट. ताईला आज सुटी होती. फोन सकाळपासून फळीवर. मी दर पाच मिनिटांनी म्हणायचे, बघ ना, आला असेल. ती म्हणायची, हात ओले आहेत. हात मुळीच ओले नव्हते. मी स्वतः उठले तर म्हणाली, "बस खाली." म्हणजे मेसेज आलाय की नाही, आला तर काय आलाय, घरात कोणालाच माहीत नव्हतं. मला वाटतं ती घाबरली होती. पुन्हा पुसलेला निघाला तर?

तीन वाजता दाजी आले. सलूनच्या ऐन गर्दीची वेळ. अर्ध्या दाढीतलं गिऱ्हाईक सोडून आले असावेत, कारण एका हाताला फेस होता. दुसऱ्या हातात केकचा खोका. दारातच, धापा टाकत म्हणाले,

"अभिनंदन!"

मी आधी खोक्याकडे बघितलं.

ताईने विचारलं, "कशाचं?"

 मी आयुष्यात पुष्कळ लोकांना पकडलं जाताना बघितलंय (बेकरीत तर मीच होते), पण स्वतःच्या हाताने, केक घेऊन, असं कोणाला नाही.

"कशाचं अभिनंदन, हो?" ताईने पुन्हा विचारलं. आवाज चढवला नाही. "माझा फोन तर सकाळपासून फळीवर आहे. मी उघडलेलासुद्धा नाही."

दाजींनी केक खाली ठेवला. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तिच्या पुढे धरला. "एक तारखेपासून रुजू व्हायला सांगितलंय," ते म्हणाले. "डाग विभाग प्रमुख म्हणून. तुझं नाव... पूर्ण लिहिलंय त्यांनी."

ताईने तो मेसेज वाचला. त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हातात. मग तिने फोन हातात घेतला, ती यादी उघडली, जोडणी तोडली, आणि फोन त्यांना परत दिला.

"बारा तारखेचा पुसलात," ती म्हणाली. "हा का नाही पुसला?"

दाजी म्हणाले, "सोमवारी मी स्टँडवर होतो."

हे काय उत्तर झालं? विचारलं काय, सांगताहेत काय! पण ताईने पुढे विचारलं नाही. तिने त्यांच्या फेसाच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी रविवारी क्वार्टरला जातेय. एकटी. तुम्ही सलून सांभाळा. आठवड्यातून एक दिवस यायचं असेल तर या. पण तिथे दार आहे."

मी विचार करत राहिले. दाजींच्या बोटाखाली मेसेज होता, पुसायला एक क्षण पुरला असता, आणि हा माणूस केक घेऊन आला. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. केक मात्र चांगला होता.

२ मार्च, रविवार

क्वार्टर म्हणजे एक खोली, एक मोरी, पूर्वेला खिडकी. खिडकीतून लाँड्रीची चिमणी दिसते. सगळ्या आल्या होत्या. काकूंनी खिळे ठोकले, घडीवालीने फडताळात कपडे असे लावले की त्यांना हात लावायची भीती वाटावी. ताईने सकाळीच फोनला नवा पिन लावला. मला सांगितला नाही. मी विचारलासुद्धा. "शिकवलंस काय?" म्हणाली. बरोबरच आहे, पण जरा लागलं.

ट्रंक दाजी घेऊन आले, डोक्यावर, दोन जिने चढून. हमालीची सवय झालीय, असं काकू माझ्या कानात म्हणाल्या आणि मी खोकल्याचं निमित्त केलं.

दार सताड उघडं होतं. समोर ताई, जमिनीवर बसून, वर्तमानपत्रातून एकेक कप सोडवत होती. दाजी उंबऱ्याशी थांबले. डोक्यावर ट्रंक, मान आखडलेली, घाम नाकावरून टपटपतोय. एक पाऊल टाकलं असतं तर आत. टाकलं नाही.

"आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

 ताईने हातातला कप पूर्ण सोडवला. पुसला. उजेडात धरून त्याला कुठे डाग आहे का ते बघितलं. ट्रंक डोक्यावर डुलायला लागली.

मग तिने तो कप बाकीच्या कपांशेजारी नीट ठेवला आणि म्हणाली, "या."